दहाचा आकडा

१८८९ साली औरंगाबादेत सूत काढणारी आणि कापड विणणारी गिरणी उभी राहिली. इंपीरियल गॅझेटियरमध्ये तिच्याविषयी जेमतेम एक ओळ आहे आणि तीत कामगारांचा आकडा दिला आहे: ७००. इंग्रजी मुलखात फॅक्टरी कायदा येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. यंत्राचे फिरते भाग झाका, अपघात झाला तर सरकारला कळवा, सात वर्षांखालचं पोर कामावर घेऊ नका, साधारण एवढंच तो सांगायचा. पण औरंगाबाद निजामाच्या राज्यात. इथल्या सातशेंपैकी कुणाचा हात पट्ट्यात गेला, तर इंग्रजी कायद्याच्या लेखी तो अपघात घडलाच नाही.

कामगारांच्या सुरक्षेचा इतिहास सांगताना आपण बहुधा स्फोटांच्या आणि आगींच्या तारखा सांगत जातो. त्या सांगायलाच हव्यात. पण त्या तारखांच्या मागे एक रुक्ष आकडा सतत हलत असतो, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. किती माणसं राबत असली म्हणजे त्या जागेला कारखाना म्हणायचं? या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांत अनेकदा बदललं. ते प्रत्येक वेळी कुणाच्या तरी रेट्याने बदललं, आणि ज्या वेळी जे उत्तर होतं त्याच्या अलीकडची माणसं कायद्याला दिसली नाहीत.

सुरुवात मुंबईतली. १८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगात गिरणीमालकांचंच वजन जास्त. कायद्याची गरज नाही असा कौल त्यांनी दिला यात नवल नव्हतं. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी मात्र पिच्छा सोडला नाही, १८७८ मध्ये स्वतःच एक विधेयक तयार केलं. तिकडे लँकेशायरचे कापडवाले मुंबईच्या स्वस्त मजुरीवर डोळा ठेवून होते. हिंदुस्थानात कायदा व्हावा म्हणून त्यांनी विलायतेत धरलेला आग्रह काही मुंबईच्या पोरांच्या कळवळ्याने नव्हता. मालकांना बोलायला आयतंच निमित्त मिळालं: हा मँचेस्टरचा कावा आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनीही, ‘मराठा’सह, मालकांच्या सुरात सूर मिसळला. स्वदेशी भांडवल वाचवण्याच्या भरात स्वदेशी बोटांचा विचार मागे पडला, असं आज म्हणणं सोपं आहे. पण त्या वेळी ज्याला ते दिसलं तो माणूस वेगळ्याच वर्तुळातला होता.

१८८१ चा कायदा आला तो या ओढाताणीतून, म्हणून लंगडाच. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं, शक्तीवर चालणारी यंत्रं, आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त काम, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो लागू. पुढच्या वर्षी मीड किंग नावाचा विलायतेतला फॅक्टरी इन्स्पेक्टर मुंबईत आणला गेला. त्याने पाहणी केली आणि कायदा अपुरा असल्याचं सरकारला कळवलं. १८८४ मध्ये दुसरा आयोग बसला.

या आयोगापुढे नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, गिरणीच्या कोठाराचं काम त्यांनी स्वतः केलेलं. सप्टेंबर १८८४ मध्ये २३ आणि २६ तारखेला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज आयोगाकडे दिला. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच हवं, पगार वेळेवर हवा. रविवारच्या सुट्टीमुळे लोखंडे आपल्याला माहीत आहेत. १० जून १८९० ला मालकांनी ती मान्य केली. पण त्या अर्जात आणखी एक मागणी होती, ती सहसा कुणाच्या भाषणात येत नाही. काम करताना जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. नुकसानभरपाईचा कायदा या देशात त्यानंतर ३९ वर्षांनी झाला. लोखंडे तोवर हयात नव्हते. १८९७ च्या प्लेगात ते गेले.

त्याच आयोगापुढे खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगचंही वर्णन आलं. हंगाम भरात आला की पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम, गर्दीच्या दिवसांत तर रात्रंदिवस, आणि कामाला मुख्यतः बाया. कन्नडचा घाट उतरला की खानदेश. म्हणजे हे सगळं औरंगाबादच्या उंबऱ्यावरच चाललेलं होतं. आणि कायद्यातून ते अलगद सुटत होतं, कारण सरकी काढण्याचं काम हंगामी.

१८९१ च्या कायद्याने शंभराचे पन्नास केले. हंगामी कारखान्यांना मात्र १९११ पर्यंत हात लागला नाही.

घाटाच्या वर काय होतं? १९०० साली गोदावरी खोऱ्यातली रेल्वे आली आणि तिच्या पाठोपाठ जिनिंगचे कारखाने. गॅझेटियर सांगतं की एकट्या जालना तालुक्यात नऊ जिनिंग आणि पाच प्रेस होते, शिवाय औरंगाबाद आणि कन्नडला मिळून दोन जिनिंग. १९०१ मध्ये या सगळ्यांत मिळून १,०१६ माणसं कामाला. भागाकार करून बघा. दर कारखान्यामागे साठेक डोकी पडतात. म्हणजे निजामाची हद्द आड आली नसती तरी १८८१ च्या शंभरात यांतले बहुतेक बसले नसते, आणि १८९१ च्या पन्नासात बसले असते तरी हंगामीपणाच्या फटीतून निसटले असते. मराठवाड्यात सुरुवातीला पसरलेला उद्योग हा असा मुळातच कायद्याच्या मापात न मावणारा होता: लहान, हंगामी, कापसाच्या ढिगांशेजारी ठिणग्या उडवणाऱ्या यंत्रांचा.

१९२२ मध्ये पन्नासाचे वीस झाले. पुढच्याच वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला, आणि त्याच्याबरोबर एक परिशिष्ट. ते एकदा तरी वाचावं. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याची ती यादी आहे. अंगठा ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४, दोन पेरी गेली तर ११, एक गेलं तर ९. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. हे आजचे दर; सुरुवातीला आकडे वेगळे होते, पण रीत तीच. ही यादी निर्दय वाटते खरी, पण मी तिच्या बाजूचा आहे. दर ठरलेला असला की कामगाराला मालकाच्या दयेवर राहावं लागत नाही. लोखंड्यांच्या अर्जातल्या त्या मागणीला कायद्याने दिलेलं उत्तर ते हेच.

विसाचे दहा व्हायला आणखी २६ वर्षं लागली. मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून डॉ. आंबेडकर होते. त्यांच्या काळात आलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. (हेच बाबासाहेब चार वर्षांनी औरंगाबादेत कॉलेज काढायला आले, त्या मिलिंद कॉलेजच्या आवारात त्यांची ही बाजू जरा जास्त सांगितली गेली तर बरं.) मग स्वातंत्र्य, आणि १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट. यंत्रशक्ती असेल तर दहा माणसं, नसेल तर वीस. शिवाय ८५ वं कलम: सरकारला वाटलं तर दहाच्या आतल्या जागेलाही कारखाना ठरवता येईल. या कायद्याची तारीख आहे २३ सप्टेंबर १९४८. निजामाच्या फौजा शरण आल्या १७ सप्टेंबरला. मराठवाडा मुक्त झाला आणि सहाच दिवसांनी दिल्लीत देशातला सर्वात खोलवर पोहोचणारा कारखाना कायदा झाला. तो इथे प्रत्यक्ष पोहोचला संस्थान भारतीय कायद्याच्या चौकटीत आल्यावर, आणि इथल्या कारखान्यांवर पुढे चालले ते महाराष्ट्राचे नियम १९६३ चे. तोवर एमआयडीसी स्थापन होऊन एक वर्ष झालं होतं.

स्टेशनजवळची वसाहत, मग चिकलठाणा, मग वाळूज असा औरंगाबादचा उद्योग पसरला. शहराचा खरा कायापालट वाळूजने केला. जानेवारी १९८४ मध्ये बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि ५ नोव्हेंबर १९८५ ला राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन. या दोन तारखांच्या मधोमध, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळला युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला. वाळूजच्या माळरानावर खांब उभे राहत असताना देशाला कळलं की कारखान्याच्या भिंतीआड काय आहे हे भिंतीबाहेरच्यांना ठाऊकच नसतं.

१९८७ ची दुरुस्ती ही भोपाळची थेट संतती. धोकादायक प्रक्रियांची यादी कायद्याला जोडली गेली. कुठलं रसायन आहे, त्याने काय होतं, गळती झाली तर काय करायचं हे कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला सांगणं मालकावर बंधनकारक झालं. कामगारांच्या तब्येतीची नोंद ठेवायची, मालक आणि कामगार निम्मे-निम्मे असलेली सुरक्षा समिती नेमायची. आणि ४१-एच नावाचं एक कलम आलं: जिवावर बेतेल असा धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या आणि इन्स्पेक्टरच्या नजरेला आणून द्यायचा कामगाराला हक्क आहे. वाळूज-चिकलठाण्यात औषधांचे कारखाने आहेत, बिअरच्या ब्रुअरीज आहेत, फाउंड्री आहेत, प्लेटिंगची युनिटं आहेत. हे सगळे त्या यादीत बसतात. मोठ्या कंपन्यांत या कायद्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. गेटवर ‘शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले’ असा फलक, वेल्डिंगआधी परमिट, टाकीत उतरण्याआधी हवेची तपासणी, ४ मार्चला सुरक्षा दिन, बिल्ला, शपथ आणि घोषवाक्य स्पर्धा. घोषवाक्यांची चेष्टा करायचा मोह होतो, पण जिथे स्पर्धा होते तिथे निदान सेफ्टी ऑफिसर नावाचा एक माणूस पगारावर असतो. हजारावर कामगार असले की तो नेमायची सक्ती १९७६ मध्ये आली.

गोम पुढे आहे. मोठी कंपनी गाडी जोडते. गाडीचे बारीक-सारीक भाग बाहेरून येतात. ते बनवणारे व्हेंडर, त्यांचे व्हेंडर, आणि सगळ्यात शेवटी गाळ्यात दोन-चार प्रेस टाकून बसलेला एखादा जुना ऑपरेटर, जो आता स्वतःच शेठ झाला आहे. काम जसजसं खाली उतरतं तसतशी डोकी कमी होतात आणि कायदाही विरळ होत जातो.

पॉवर प्रेस कशी चालते ते बघा. खाली डाय, वर रॅम. ऑपरेटर पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, हात बाहेर घेतो, रॅम खाली येतो, नग पडतो. हात आत असताना रॅम पडू नये म्हणून दोन बटणं दोन बाजूंना असतात; दोन्ही एकदम दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. दोन्ही हात बटणावर, म्हणजे एकही डायमध्ये नाही. साधी, स्वस्त, अक्कलवंत सोय. आता तासाला ठरलेले नग निघायला हवेत. एक बटण पाचर मारून किंवा चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो आणि वेग वाढतो. हे कधी सुपरवायझर करतो, कधी ऑपरेटर स्वतः. सेन्सर असेल तर तो बायपास होतो. मग एखाद्या दिवशी, बहुधा ओव्हरटाइमच्या शेवटच्या तासांत, परिशिष्टातल्या ७, ९ किंवा १४ टक्क्यांची नोंद होते. दिल्लीजवळच्या गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात ‘सेफ इन इंडिया’ संस्थेने अशा हजारो तुटलेल्या बोटांचा माग काढला, पुढे महाराष्ट्रातलीही प्रकरणं त्यांच्या अहवालांत आली. जखमींत मोठा भाग व्हेंडरकडे काम करणाऱ्या परप्रांतीय तरुण मुलांचा आहे.

छोट्या मालकाला एकट्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. वरची कंपनी नगाचा दर पाडते, डिलिव्हरीची वेळ पाडते, आणि पुरवठादार तपासायला येणारा तिचा माणूस मालाचा दर्जा जितक्या बारकाईने बघतो तितकं ते चिकटवलेलं बटण बघेलच असं नाही. पण कायद्याची दहाची रेघ या मालकांना तोंडपाठ असायची. पगारपत्रकावर नऊ नावं, बाकीचे ‘ठेकेदाराचे’. वास्तविक फॅक्टरी अ‍ॅक्ट ठेकेदाराचा माणूसही मोजायचा. पण मोजायला कुणीतरी यावं लागतं, आणि येणारे कमी होत गेले. इन्स्पेक्टर राज संपवायचं म्हणून राज्याने २०१५ मध्ये स्वयंप्रमाणपत्राची योजना आणली; मालकाने स्वतःच लिहून द्यायचं की सगळं ठीक आहे. इन्स्पेक्टर राजात चिरीमिरी चालायची हे कुणी नाकारत नाही. पण तो निदान शेडच्या आत पाऊल टाकायचा.

नंतरची वर्षं महाराष्ट्राला चांगली गेली नाहीत. मे २०१६ मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला स्फोट, आणि मे २०२४ मध्ये त्याच डोंबिवलीत दुसरा. जून २०२१ मध्ये पुण्याजवळ उरवड्याच्या कारखान्याला आग लागून १७ कामगार गेले, त्यांत १५ बाया. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड, डिसेंबरमध्ये नागपूरजवळ बाजारगाव.

आणि त्याच डिसेंबरच्या शेवटच्या पहाटे वाळूज.

३१ डिसेंबर २०२३. एमआयडीसीतला हातमोजे शिवणारा एक कारखाना. दुसऱ्याचे हात कापू-भाजू नयेत म्हणून वापरायचा माल तिथे तयार व्हायचा. रात्री काम बंद होतं. आत दहा-पंधरा कामगार झोपलेले होते, पोटासाठी परराज्यातून आलेले. अग्निशमन दलाला सव्वादोनच्या सुमारास फोन आला. गाड्या पोहोचल्या तेव्हा सगळी शेड पेटलेली होती आणि बाहेर जमलेले लोक सांगत होते की आत माणसं अडकली आहेत. काही जण त्याआधी कसेबसे बाहेर पडले होते. जवानांनी आत शिरून सहा मृतदेह बाहेर काढले. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली.

कामगार कारखान्यात का झोपतात हे वाळूजमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या वस्त्यांत खोलीचं भाडं द्यायचं, वर मेस, वर घरी पाठवायचे पैसे. शेडमध्ये पथारी टाकली की भाडं वाचतं. मालकालाही फुकटचा राखणदार मिळतो आणि सकाळी कामावर कुणी उशिरा येत नाही. दोघांच्या सोयीची व्यवस्था, म्हणून तिच्याविषयी तक्रार कुणाचीच नसते. कच्चा माल, तयार माल, कात्रण, पुठ्ठ्याची खोकी यांच्यामध्ये जिथे जागा असेल तिथे माणसं आडवी होतात. शटर आतून किंवा बाहेरून लागतं.

तेव्हाचा कायदा या रात्रीकडे कसा बघत होता? फॅक्टरी अ‍ॅक्टचं ३८ वं कलम म्हणायचं की आग लागली तर इमारतीतल्या सगळ्या माणसांना सुखरूप बाहेर पडता यायला हवं. ‘सगळ्या माणसांना’ हे शब्द फार चांगले आहेत. पण ते कलम लागू होण्याआधी ती जागा कारखाना ठरायला हवी होती, आणि ते ठरायचं त्या जागेत दहा माणसं काम करतात की नाही यावर. रात्री तिथे किती माणसं झोपतात, हे त्या मोजणीत येत नव्हतं. २००६ चा राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदाही आहे; यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म-बी म्हणतात, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. त्यात एक्स्टिंग्विशर भरलेलं आहे का, पाण्याला दाब आहे का हे येतं. शेडची खोली कधी झाली, ते येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट गेला आणि त्याच्यासकट तेरा कायद्यांची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने घेतली. संसदेने ती २०२० मध्येच मंजूर केली होती. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायची सक्ती तिच्यात आहे आणि ती मोठी गोष्ट आहे. कागद हातात असला की ‘हा आमचा माणूसच नव्हे’ म्हणणं अवघड जातं. सेफ्टी ऑफिसरसाठीचा हजाराचा आकडा पाचशेवर आला, धोकादायक प्रक्रिया असेल तिथे अडीचशेवर. इन्स्पेक्टरच्या पदाला आता ‘सुलभकर्ता’ अशी शेपटी जोडली आहे. आणि कारखाना म्हणजे यंत्रशक्तीवर वीस माणसं, तिच्याशिवाय चाळीस. शंभर, पन्नास, वीस, दहा असा उतरत आलेला आकडा केंद्राच्या कायद्यात पहिल्यांदाच वर चढला, आणि १९२२ साली होता तिथे जाऊन बसला.

संहितेचे समर्थक दोन गोष्टी दाखवतात आणि त्या खऱ्या आहेत. दहा माणसं असलेल्या आस्थापनेला संहितेच्या सर्वसाधारण तरतुदी लागू राहतात, आणि काम धोकादायक असेल तर एकच माणूस असला तरी सरकारला ती लागू करता येते. पण धोकादायक म्हणजे काय याचं उत्तर आपल्याकडे अजून भोपाळच्या चालीनेच दिलं जातं: रसायनं, भट्ट्या, वायू. कापड, दोरा, सुई आणि शिलाई मशीन यांची त्या याद्यांत गणती नाही. आतलं सामान मोजण्यापेक्षा, दार बंद झाल्यावर आत किती माणसं उरतात हे मोजलं तर वाळूजमधले कितीतरी निरुपद्रवी गाळे धोकादायक ठरतील. त्यासाठी संसदेत जायची गरज नाही. नोंदणीच्या अर्जात यंत्रं किती, अश्वशक्ती किती, कामगार किती असे रकाने आहेतच. रात्री मुक्कामाला किती, असा आणखी एक रकाना घालणं राज्याच्या नियमांनी करण्यासारखं काम आहे.